हिकोचा तास

त्या साली आमच्या बेटावर पावसानं दडी मारली नसती तर आम्ही बायका कापडासाठी झाडाची साल कुटायला शाळेशेजारच्या सभागृहात बसलोच नसतो, आणि जे झालं ते निदान डोळ्यांनी तरी बघावं लागलं नसतं. पण गावातल्या सगळ्या टाक्या तळाला गेलेल्या. पाणी उरलं होतं ते फक्त शाळेच्या सिमेंटच्या टाकीत. झाडाची साल भिजवल्याशिवाय कुटता येत नाही, कोरडी कुटली की फाटते, आणि पाद्रीबाबांच्या मोठ्या सभेसाठी सालीचं कापड द्यायचं गावानं कबूल केलेलं. मग ओंडके, मोगऱ्या, घमेली असं सगळं बिऱ्हाड उचलून आम्ही तिथं नेलं. सकाळपासून ठक ठक ठक. शाळेतल्या मास्तरांना आमचा त्रास आणि आम्हाला त्यांचा.

माझा भाऊ सेमिसी ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला. त्याची बायको लोसालिने आणि दोन पोरं माझ्याच अंगणात राहतात. थोरला हेनेली, धाकटी तोकिलुपे. तिला सगळे लुपे म्हणतात. मी पोरांची आत्या, म्हणजे घरातली सगळ्यात वरची. मी बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं. लोसालिने मला वन्सं म्हणते आणि मी बोलायला लागले की मान खाली घालते. मनात काय म्हणते ते तिचं तिला माहीत.

हेनेलीला मिसरूड फुटायला लागलं तसं मी त्याचं अंथरूण उचलून मागच्या झोपडीत टाकलं होतं. बहीण झोपते त्या छपराखाली वयात आलेल्या भावानं झोपायचं नाही. एका ताटात जेवायचं नाही, थट्टामस्करी नाही, आणि दोघांच्या देखत कुणी काही वेडंवाकडं बोललं तर एकानं उठून जायचं. उठून जायचं ते भावानं. यात नवल काही नाही, सगळ्या घरांत असंच आहे. पंचाईत अशी झाली की हेनेली आदल्या वर्षी सहावीच्या परीक्षेत आपटला आणि यंदा बहिणीच्याच वर्गात येऊन बसला.

दोघांनी आपापलं जमवून घेतलं होतं. ती पुढे खिडकीशी, हा मागे दाराशी. तिची पेन्सिल संपली तर ती घरी आईला सांगायची, आई ह्याला सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी ह्याची अर्धी मोडलेली पेन्सिल आईच्या हातून तिला मिळायची. वर्ष पार पडलं असतं. हेनेलीला परीक्षा पास होऊन राजधानीत, नुकुआलोफाच्या कॉलेजात, म्हणजे पुढच्या मोठ्या शाळेत, बोटीची इंजिनं शिकायची होती. हात त्याचा चांगला होता. फिलिपे, म्हणजे त्याचा मामा, याच्या होडीचं इंजिन बंद पडलं की हा पाण्यात उभा राहून खोलायचा आणि चालू करून द्यायचा. पण गेल्या वर्षी तास बुडवून समुद्रावर पळायची खोड होती, त्यामुळे हेडमास्तरांनी सगळ्या वर्गादेखत बजावलं होतं की यंदा एकदा जरी तास चालू असताना उठून गेलास तर परीक्षेला बसवणार नाही. लोसालिनेला बोलावून तिलाही ऐकवलं. ती बिचारी हो हो करत उलट्या पावलांनी बाहेर आली.

अशात एतुआते मास्तर आला.

हा ऑकलंडला जन्मलेला, तिथंच वाढलेला. त्याचा आजा आणि माझा आजा सख्खे भाऊ, म्हणजे आमच्या हिशेबानं तो माझा भाऊच. आपली बोली त्याला यायची, पण कुठं काय वापरायचं ते कळायचं नाही. पहिल्याच रविवारी त्यानं पाद्रीबाबांना जेवायला बसवलं आणि मोठ्या आदरानं म्हणाला, "गिळा." पाद्रीबाबा हसले आणि गिळले. मनानं मात्र सोन्यासारखा. मान दाखवायला कमरेला गुंडाळतात ती चटई आमच्या पुरुषांपेक्षा नीट बांधायचा.

त्याच्याकडे पीटीचा तास होता. आधी त्या तासाला मुलगे रग्बी खेळायचे, मुली नेटबॉल, आणि बाकीचे झाडाखाली लोळायचे. त्या तासाला आपले जुने खेळ आणायचे म्हणून ह्यानं सभा बोलावली. पुरुष पुढे कावा, म्हणजे मुळं कुटून केलेलं पेय, त्याची परात घेऊन बसले, आम्ही मागे. हेडमास्तरांनी आधीच नाक मुरडलं की सहावीचं वर्ष आहे, गणित सोडून पोरांनी काय रानअक्रोड उडवायचे का. ते दुसऱ्या बेटावरचे, स्पष्ट बोलायचे. एतुआते उभा राहिला आणि म्हणाला, की ऑकलंडच्या शाळेत त्याला एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे पोरं काय खेळतात. त्याला सांगता आलं नाही. रग्बी म्हणाला, तर सगळा वर्ग हसला. आपले खेळ मरायला लागलेत, ते शाळेत आणले नाहीत तर कुठं जगणार, असं तो म्हणाला. मला पटलं त्याचं, खोटं कशाला बोलू.

मुलांसाठी भाल्यासारखा वेत फेकायचा खेळ आणायचा, आणि मुलींसाठी हिको. सगळा वर्ग गोलात बसेल, सगळे सगळं बघतील.

हिको म्हटल्यावर आम्हा बायकांच्या पाठी ताठ झाल्या.

हिको म्हणजे रानअक्रोड हवेत उडवायचे आणि झेलायचे, एकामागून एक, एकही खाली न पडू देता. पण हात काही नुसते चालत नाहीत, ते गाण्यावर चालतात. आमच्या गावच्या गाण्यात आधी वाऱ्याचं, माशांचं येतं. मग गावातल्या एकेका मुलाचं नाव येतं, आणि ज्याच्या नावाला अक्रोड पडेल तो तुझा नवरा. मग तो नवरा अंधारात कुठून येईल, चटईचं कुठलं टोक उचलेल, तेही येतं. पुढचं मी सांगत नाही, ऐकणाऱ्यांत कुणाचा भाऊ असायचा. मेलेला वगैरे काही नव्हता तो खेळ. माझ्या परसात नीरफणसाखाली रोज संध्याकाळी चालायचा. पोरी जमायला लागल्या की भाऊ आपले उठून निघून जायचे, कुणी सांगावं लागायचं नाही.

आणि शाळेत? आमच्या गावात चुलत, मावस, आत्ये, सगळे भाऊच. त्या वर्गात असा एक मुलगा नव्हता जो गोलातल्या कुठल्या ना कुठल्या मुलीचा भाऊ लागत नव्हता.

"कुणाची हरकत आहे का?" एतुआतेनं विचारलं.

हरकत सगळ्यांची होती. पण हरकत सांगायची तर गाण्यात काय आहे ते सांगायला हवं, आणि समोर आमचे भाऊ बसलेले. माझे तर चारी दिशांना. खुद्द एतुआते भाऊ. लोसालिनेच्या समोर तिचा भाऊ फिलिपे काव्याची करवंटी धरून बसला होता. पुरुषांनाही सगळं ठाऊक होतं, दुसऱ्यांच्या बहिणींची गाणी कुंपणाआडून चोरून ऐकतच ते मोठे झालेत. पण त्यांच्या मागे त्यांच्या बहिणी बसलेल्या. ते काव्याच्या परातीत बघत राहिले, आम्ही चटईच्या काठाचे धागे ओढत राहिलो. इतकी शांतता की बाहेर डुक्कर खाजवतंय ते ऐकू येत होतं. एतुआतेला वाटलं सगळ्यांना पटलं. त्यानं डोळे पुसले आणि आमचे आभार मानले.

घरी येताना अंगणापाशी आल्यावर लोसालिने म्हणाली, "वन्सं, तुम्ही तरी बोलायचं होतं. तुमचं कोण मोडणार?"

"कुणासमोर बोलू? सगळे माझेच भाऊ."

"मग हेनेलीचं काय?"

मी तिला म्हटलं, बघू.

हेडमास्तरांच्या बायकोचा आमच्यात कुणी भाऊ लागत नव्हता. तिला एका बाजूला घेऊन मी हळूच सांगितलं, तिनं एतुआतेच्या कानावर घातलं, तेही अर्धंमुर्धं, की गाणं तेवढं नको, पोरींना लाज वाटते. तो लगेच तयार झाला. गाण्याऐवजी आकडे म्हणायचे ठरले. लोसालिनेला मी म्हटलं, झालं ना, सुटली कटकट. त्या रात्री तिनं कोनफळ नारळाच्या रसात शिजवलं आणि आधी मला वाढलं.

सोमवारी तास सुरू झाला. आम्ही कुटता कुटता बघत होतो. पोरी एक, दोन, तीन म्हणायच्या आणि अक्रोड भदाभद पडायचे. लुपे, जी माझ्या परसात डोळे मिटून खेळायची, तीसुद्धा सारखी वाकून गवतातून अक्रोड वेचत होती. मुलगे हसायचे. एतुआते वहीत मार्क मांडायचा आणि मान हलवायचा. लुपेला नापासाचे मार्क पडले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला हिकोत नापास केलं. घरी येऊन ती जेवली नाही, परसात गेली नाही.

हेनेलीला त्यानं गोलातच बसवला होता. थोरला आहे, मागे राहिलाय, त्याला जरा मान मिळावा म्हणून शिट्टी दिली त्याच्या गळ्यात. भल्यासाठीच केलं. कुणी किती झेलले ते मोजायचं आणि शिट्टी वाजवायची. पोरगा बहिणीचा डाव आला की मान एवढी खाली घालायचा की हनुवटी छातीला टेकायची, आणि आवाजावरून मोजायचा. पण बसून राहायचा. परीक्षा दीडेक महिन्यावर आली होती.

मग नुकुआलोफाहून शिक्षणखात्याच्या बाई आल्या. आपले खेळ सगळ्याच शाळांत घ्यायचे की नाहीत ते त्या बघत फिरत होत्या. गळ्यात माळा, मंडपाखाली खुर्ची, शहाळं, सगळं झालं. ऊन असं की आमच्या घमेल्यातलं पाणी कोमट झालेलं. लोसालिने माझ्या समोरच ओंडक्यापाशी बसली होती. तिचे हात सालीवर आणि डोळे मैदानावर.

मुलांचा वेत फेकून झाला. मुलींचा हिको सुरू झाला. आकडे म्हणत एकेक पोरगी उठली, अक्रोड पाडून बसली. बाईंच्या तोंडावर कंटाळा दिसायला लागला. एतुआतेला घाम फुटला होता. बाईंनी विचारलं, "ह्याला गाणं नाही का? आमच्याकडे होतं असं आठवतं."

"आहे ना," एतुआते म्हणाला. "लुपे, ऊठ. तू घरी म्हणतेस ते म्हण."

लुपे उठली आणि उभीच राहिली. तो पुन्हा म्हणाला. पाहुण्यांदेखत मास्तरांनी दोनदा सांगितलेलं तिसऱ्यांदा सांगायला लावायचं नसतं. तिनं एकदा सभागृहाकडे बघितलं. आमच्याकडे. आम्ही काय करणार होतो? तिनं अक्रोड उडवले आणि गाणं धरलं.

हात काय चालले पोरीचे. वाऱ्याचं झालं, माशांचं झालं. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. आता नावं येणार. मी लोसालिनेकडे बघितलं, ती माझ्याकडे. आणि मी मोगरी उचलून जोरात ओंडक्यावर हाणली. तिनंही हाणली. मग सगळ्याजणींना उमगलं. कुणी काही बोललं नाही, सगळ्या नुसत्या कुटायला लागल्या, सालीची पार चाळण होईस्तोवर. सगळं सभागृह दणाणलं. नावं त्यात बुडाली, एकही ऐकू येईना. मैदानात लुपेचे ओठ तेवढे हलताना दिसत होते आणि अक्रोड फिरत होते. हेनेली खाली मान घालून बसलेला होता, पण बसलेला होता. मला वाटलं, निभावलं.

बाईंनी हात वर केला. एतुआते पळत आमच्याकडे आला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "ताई, जरा थांबता का? बाईंना गाणं ऐकू येत नाहीये."

पाहुण्यानं मागितलेलं नाही म्हणता येत नाही. मोगऱ्या थांबल्या.

त्या शांततेत लुपेचा आवाज सगळ्या मैदानावर एकटा उरला. चटईचं टोक उचलायची ओळ होती. थांबावं हे तिला सुचलंच नसणार. हात चालू असले की तोंड थांबत नाही, हे आम्ही सगळ्याजणी जाणतो.

हेनेलीनं गळ्यातली शिट्टी काढली, गवतावर ठेवली आणि उठला. पळाला नाही. हेडमास्तरांनी नावानं हाक मारली, त्यानं वळून बघितलं नाही. टाकीच्या बाजूनं गेला, आमच्या सभागृहासमोरून गेला. त्याचे कान लाल झाले होते. लोसालिनेनं मोगरी मांडीवर धरून ठेवली होती. अक्रोड पडले ते त्यानंतर. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः हेडमास्तरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही माझे भाऊ लागत नाही, तुम्हाला सरळ सांगते. आणि सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"मला कळलं नसेल असं वाटतं का तुम्हाला?" ते म्हणाले. "मलाही बहिणी आहेत. पण सगळ्या वर्गादेखत बोललोय मी. खात्याच्या बाईंनी त्याला उठून जाताना पाहिलं. त्यानं वर्गासमोर उभं राहून का गेला एवढं सांगावं, माफी मागावी. मी लगेच मागे घेतो."

"वर्गासमोर? तिथं ती बसलेली असते."

हेडमास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. खिडकीतून टाकीकडे बघत राहिले. वाईट माणूस नव्हता, पण शब्द देऊन बसलेला माणूस होता, आणि तसल्या माणसाचं कुणाला काय करता येतं.

एतुआतेला त्याच संध्याकाळी हेडमास्तरांच्या बायकोनं सगळं नीट सांगितलं. तो आमच्या अंगणात आला, दारात मांडी घालून बसला आणि लहान पोरासारखा रडला. लोसालिनेनं त्याला पाणी दिलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तोही जरा लांबूनच.

हेनेली फिलिपेच्या मळ्यावर गेला. कोनफळांच्या लागवडीला जमीन खणायची होती, वाळून दगड झालेली. पहार मारली की ठिणगी उडायची. आठवड्यात त्याच्या तळहाताची कातडी सोलून निघाली. लोसालिने रोज दुपारी त्याचं जेवण घेऊन जायची. फिलिपेपाशी तिला पोराबद्दल काही बोलता यायचं नाही, तो तिचा भाऊ. त्याच्या बायकोमार्फत सांगावं लागायचं. फिलिपे उलट निरोप पाठवायचा की पोरगा कामाचा आहे, काळजी करू नका.

आणि ह्या दोघांचे निरोप आईमार्फत सुरू झाले. लुपेनं सांगितलं, "त्याला सांग, मी हिको सोडलाय. मला आता आवडत नाही. त्यानं शाळेत यावं."

लोसालिनेनं मळ्यावर जाऊन सांगितलं. हेनेली पहारीवर रेलून उभा राहिला. मग म्हणाला, "तिला सांग, मला इथंच बरं वाटतं. डोक्याला ताप नाही. तिनं खेळावं खुशाल."

दोघंही खोटं बोलत होती. लोसालिने एकीचं खोटं पाटीत घालून न्यायची आणि दुसऱ्याचं घेऊन यायची. रात्री मला म्हणाली, "वन्सं, मी मधल्यामधे किती दिवस अशी फिरू?" मी म्हटलं, परीक्षेपर्यंत. परीक्षा आली आणि गेली. लुपे बसली, पास झाली, चांगल्या मार्कांनी. हेनेली त्या दिवशी खणत होता.

खात्याच्या बाईंना हिको फार आवडला होता. तो आता आमच्या सगळ्या बेटांवरच्या शाळांत आहे, सोमवारी. एतुआतेनं धडपड करून गाणं बदलून घेतलं. मुख्य कचेरीतून त्याच चालीवर नवीन गाणं आलंय, दात घासा, हात धुवा असं काहीतरी. पोरी ते म्हणतात आणि मार्क मिळवतात. परवा संध्याकाळी मी नीरफणसाखाली बसले होते. समोरून चारपाच पोरी चालल्या होत्या, त्यांना हाक मारली, या गं, जरा खेळा इथं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "आत्या, आत्ताच शाळेतून आलोय. आता पुन्हा अभ्यास नको."

लुपेला नुकुआलोफाच्या मुलींच्या कॉलेजात जागा मिळाली. जानेवारीत बोट होती. तोपर्यंत पाऊस झाला होता आणि सगळ्या रस्त्यात राड. तिची पत्र्याची पेटी जड झालेली. कोण नेणार हा प्रश्न कुणी विचारला नाही. पहाटे उठून बघतो तर पेटी जागेवर नव्हती.

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा पेटी बोटीच्या शिडीपाशी ठेवलेली होती. वर ताडपत्री गुंडाळून नव्या दोरीनं बांधलेली, चारी बाजूंनी, गाठी अशा मारलेल्या की वादळात सुटायच्या नाहीत. हेनेली कुठं दिसत नव्हता. पण धक्क्याच्या टोकाला मालाची शेड आहे, तिच्या पलीकडच्या भिंतीशी चिखलानं भरलेले दोन पाय दिसत होते.

लुपेलाही दिसले. ती पेटीच्या दोरीवर हात ठेवून उभी राहिली. आईला म्हणाली, "त्याला सांग..." आणि पुढे काही सुचेना तिला. लोसालिने वाट बघत राहिली. भोंगा झाला. "काही नको," लुपे म्हणाली आणि शिडी चढली.

मी आत्या. माझा शब्द ती दोघंही मोडत नाहीत. मी एक हाक मारली असती तर तो शेडमागून आला असता, तिच्यासमोर उभा राहिला असता आणि दोघंही लाजेनं जमिनीत गेली असती. एवढा माझा मान, आणि त्याचा उपयोग काय तर हाक मारायची नाही.

बोट खडकांच्या पलीकडे गेली तेव्हा हेनेली बाहेर आला. बोटीकडे नाही, आईकडे बघत होता.

"पेटी आत ठेवली ना त्यांनी? डेकवर नाही ना?"

"आत ठेवली," लोसालिने म्हणाली.

"इंजिनाचा आवाज बरोबर नाहीये तिच्या," तो म्हणाला. थोडा वेळ कान देऊन ऐकत उभा राहिला, आवाज पार विरेपर्यंत. मग खांद्यावर कोयता टाकला आणि मामाच्या मळ्याकडे चालायला लागला.